रुग्णाशी मतभेद टाळावा

शांतिनाथ चौगुले यांचे हृदय आणि त्यांची फुफ्फुसे यांचे गेली काही वर्षे पटत नव्हते. हे विधान कुणी त्यांच्यासमोर केले असते, तर त्यांनी ते आधी खोडून काढले असते, मग तेच अधिक नेमक्या शब्दांत स्वतः मांडले असते, आणि समोरच्याला ते मुळात कळलेच नव्हते असे सिद्ध करून चहा मागवला असता. सांगलीच्या हळदबाजारात त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या बाजारात नव्हता. थकून घरी गेलेले पुष्कळ होते.

अण्णांचा हळदीला पॉलिश करण्याचा कारखाना होता. वाळलेली हळकुंडे जाळीच्या पिंपात घालून पिंप फिरवले, की ती एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात आणि त्यांची साल पिवळी धूळ होऊन हवेत उडते. धूळ ओढून घेणारी यंत्रे कारखान्यात आली, तोवर अण्णांचे केस पिकले होते. तोपर्यंतची सारी धूळ त्यांनी स्वतःच ओढून घेतली होती. परिणामी, जन्मात विडीला न शिवलेल्या या माणसाला विडी ओढणाऱ्यांचा आजार जडला. श्वासनळ्या कायमच्या आकसल्या आणि घराचा जिना मध्ये बसून घेतल्याशिवाय चढवेना. पुढे हृदयानेही ठेका सोडला. त्याचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी मधूनच नुसते थरथरू लागत, आणि मग नाडी नवशिक्या हलगीवाल्यासारखी कधी घाईने, कधी अडखळत वाजे.

दुर्दैव एवढ्यावर थांबते, तर अण्णांनी ते सोसले असते. पण त्यांचे व्याही भूपाल मगदूम यांनी जयसिंगपुरात आयुष्यभर तंबाखूचा व्यापार केला होता, आणि पंचाहत्तरीतही त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत होती. मंगलकार्यात पहिला मान असलेल्या हळदीने एकाला आजारी पाडावे आणि तंबाखूने दुसऱ्याला ठणठणीत ठेवावे, ही सृष्टीच्या कारभारातली ढळढळीत चूक आहे, असे अण्णांचे मत होते. सृष्टी समोर येऊन बसत नसल्यामुळे ते या चुकीचा जाब व्याह्यांना विचारीत.

मगदूम आता सांगलीतच राहायला आले होते. रोज संध्याकाळी ते अण्णांच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर येऊन बसत आणि वादाला तोंड फुटे. विषय कोणताही असो, शेवटी तो अठरा वर्षांपूर्वीच्या हळदीवर येऊन थांबे. अण्णांचा मुलगा अभिनंदन आणि मगदूमांची मुलगी त्रिशला यांच्या लग्नात, रीतीप्रमाणे, आधी नवऱ्या मुलाला हळद लागली आणि उरलेली उष्टी हळद वाटीतून नवरीकडे गेली. ती अण्णांनी स्वतः निवडलेली राजापुरी हळद होती; हळकुंडे त्यांनी एकेक मोडून, आवाज ऐकून घेतली होती. मगदूमांचे म्हणणे एवढेच, की ती हळद नवरीच्या अंगावर रंगली नाही. सांगलीच्या हळदवाल्याने पाठवलेली हळद फिकी निघाली, हे वाक्य ते दरवेळी अगदी सौम्यपणे उच्चारीत. त्यावर अण्णा सांगत, की वाटी मांडवाच्या दाराशी उन्हात ठेवली गेली आणि उन्हाने हळदीचा रंग उडतो, हे शास्त्र तंबाखूवाल्यांना कळण्याची अपेक्षा नाही. मग मांडवाचे दार कोणत्या दिशेला होते, यावर दिवस मावळतीला येई. अण्णांच्या पत्नी पद्मावतीबाई तेव्हा आतून दोघांना जेवायला हाक मारीत. दिवस बुडण्यापूर्वी जेवण्याचा घरचा नेम नसता, तर त्या वादाला अंत राहिला नसता.

आजाराची खरी अडचण अशी होती, की त्याच्या दोन्ही बाजूंना दोन डॉक्टर होते. आकसलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध हृदयाला चाबूक मारते; आणि हृदयाला शांत करणारी काही औषधे श्वासनळ्या आणखी आवळतात. फुफ्फुसांचे डॉक्टर फवारा वाढवीत, तेव्हा हृदयाचे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून गोळी वाढवीत; गोळी वाढली की श्वास कोंडे, आणि फवारा पुन्हा वाढे. दोघांचे दवाखाने एकाच रस्त्यावर समोरासमोर होते. अण्णा रस्ता ओलांडून एकाचे मत दुसऱ्याला कळवीत, त्यात स्वतःची भर घालीत, आणि दोन्हीकडे वाद पेटवून समाधानाने परत येत. प्रकृती मात्र ढासळत होती.

तेव्हा तिसऱ्याच एका डॉक्टरांनी, डॉ. शर्वरी माईणकर यांनी, ‘मध्यस्थ’ सुचवला. मध्यस्थ म्हणजे गळ्याच्या हाडाखाली बसवायचे, चिंचोक्याएवढे यंत्र. त्यात दोन्ही बाजूंची औषधे सूक्ष्म कुप्यांत भरलेली असत. ते नाडी, श्वास आणि रक्तातला प्राणवायू सतत मोजी आणि दोन्ही औषधांचे कण असे सोडी, की एका अवयवाचे भले करताना दुसऱ्याचे वाकडे होऊ नये. त्याची खरी करामत पुढेच होती. हृदय थरथरू लागण्याच्या काही मिनिटे आधी शरीरात ज्या बारीक खुणा उमटतात, त्या ते वाचायला शिके. नाडीतला सूक्ष्म विस्कळीतपणा, श्वासाची घाई, आवाजाची चढती पट्टी या खुणा दिसल्या, की ते शांत करणारे औषध सोडी आणि त्याच क्षणी जवळपासच्या मंडळींच्या मनगटपट्ट्यांवर सूचना पाठवी. पट्टी थरथरे आणि तिच्यावर अक्षरे उमटत: ‘रुग्णाशी मतभेद टाळावा.’

हे शेवटचे कलम अण्णांना कुणी सांगितले नव्हते. यंत्र बसवून ते घरी आले, त्या दिवशी त्यांना एवढेच दिसले, की जग एकाएकी सुधारले आहे.

दुपारी त्यांनी आमटीत गूळ जास्त पडल्याचे सांगितले. एरवी पद्मावतीबाईंनी त्यांना गुळाच्या ढेपेचा आणि आपल्या माहेरच्या चुलीचा इतिहास ऐकवला असता. त्यांनी मनगटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पडला असेल.” अण्णांचा घास हातातच राहिला.

अभिनंदन हळदीची निर्यात पाही. त्याच्याकडे पेनासारखे एक रंगमापक होते. हळकुंडावर, नाहीतर हळद लागलेल्या कशावरही, टोक टेकवले की मूळच्या रंगद्रव्याचा हिशेब ते सांगे. अण्णांनी त्या पेनाला आजवर खेळणे म्हटले होते आणि अभिनंदनने आजवर ते खेळणे नसल्याचे पटवण्याचा प्रयत्न केला होता. आता अण्णांनी पुन्हा तो शब्द काढताच त्याने पेन खिशात घातले आणि हळकुंड मोडून ऐकणे हीच खरी परीक्षा, असे मान्य केले. पंधरवडाभर अण्णा विजयी सेनापतीसारखे घरात वावरले. आपल्या युक्तिवादाला उतारवयात धार आली, असा त्यांचा समज झाला.

पण सवयीने चोखंदळ असलेल्या माणसाला फुकट मिळालेल्या मालाचा संशय येतोच. एका सकाळी त्यांनी चहा पिताना, मुद्दाम आवाज चढवून सांगितले, की मिरज सांगलीच्या पश्चिमेला आहे.

अभिनंदनच्या मनगटावर काहीतरी गुणगुणले. तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, “असेल की, अण्णा.”

“सूर्य मग रोज कुठनं उगवायलाय?”

“तुम्ही म्हणाल तिथनं.”

अण्णांनी त्याचे मनगट धरून पट्टी वाचली. मग स्वयंपाकघरात जाऊन पद्मावतीबाईंची वाचली, त्रिशलेची वाचली. तिन्हीकडे तेच तीन शब्द होते. ते परत येऊन वेताच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी पंधरा दिवसांतले आपले सगळे विजय एकेक करून परत केले.

तरी एक भरवसा शिल्लक होता. मगदूम त्या पंधरवड्यात मुलाकडे बेळगावला गेले होते. अठरा वर्षांच्या वादाला एखादी रबरी पट्टी काय करणार, असे अण्णांनी स्वतःला बजावले. व्याही परतले त्या संध्याकाळी ते धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात बसले. मगदूम आले, खुर्चीत टेकले, पाणी प्यायले. अण्णांनी विलंब न लावता वाटीचा विषय काढला, उन्हाचा काढला, आणि मांडवाचे दार पश्चिमेला होते असे ठासून सांगितले.

मगदूमांच्या मनगटावर गुणगुण झाली. त्यांच्या लेकीने त्यांना दारातच पट्टी बांधली होती आणि काय घडू शकते तेही रडवेल्या आवाजात सांगितले होते. त्यांनी नजर अंगणातल्या तगरीकडे वळवली. मग म्हणाले, “पाव्हणं, हळद रंगली होती. चूक आमचीच होती.”

अण्णांनी अठरा वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली, ते वाक्य समोर पडले होते आणि त्याला हात लावावासा वाटेना. माणूस गेल्यावर लोक त्याच्याविषयी जसे बोलतात, तसे व्याही त्यांच्या समोर बसून बोलले होते. मगदूमांनी दोन-चार वाक्ये पावसापाण्याची केली. ती इतकी बिनचूक होती, की त्यांत धरायला जागा नव्हती. ते लवकर उठून गेले.

त्या दिवसापासून अण्णांनी बोलणे सोडले. रुसले म्हणावे, तर रुसण्यालाही समोर मनवणारा माणूस लागतो, आणि इथे सगळेच मनवून बसलेले. ‘हो’, ‘नको’, ‘असू दे’ एवढ्यांत त्यांचा दिवस निभे. मध्यस्थाच्या दृष्टीने ही आदर्श स्थिती होती: आवाज चढत नाही, वाद होत नाही. तरीही रक्तातला प्राणवायू दर आठवड्याला थोडा थोडा खाली येऊ लागला, आणि हृदयाची थरथर कमी होण्याऐवजी वाढली. यंत्राने त्यावर आपल्या बुद्धीप्रमाणे उपाय केला. त्याने सूचना अधिक कडक केल्या. घरातल्या पट्ट्या आता कुणी भांडे आपटले तरी थरथरत. पद्मावतीबाई लाटणेसुद्धा पोळपाटावर अलगद ठेवीत.

डॉ. माईणकर घरी आल्या. वयाने अण्णांच्या मुलीसारख्या, स्वभावाने प्रामाणिक, आणि आकड्यांपुढे चिंतातुर. त्यांनी सांगितले, की पुण्याजवळच्या निरीक्षणगृहात खाट मिळते आहे. तिथे काचेच्या खोलीत गाळलेली हवा असते, चोवीस तास देखरेख असते, आणि भेटायला येणाऱ्यांना पडद्यावरून बोलता येते. अण्णांनी परत येण्याविषयी विचारले. डॉक्टरांनी हवेच्या गुणवत्तेविषयी उत्तर दिले. अण्णांना जे समजायचे ते समजले. हे घर, ही खुर्ची आणि ही संध्याकाळ आपण बहुधा कायमची सोडणार.

तेव्हा त्यांनी बऱ्याच दिवसांनी एक मुद्दा मांडला. हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांत साठवत. पेव म्हणजे तोंड अरुंद आणि पोट मोठे असलेले खोल कोठार. वर्षानुवर्षे बंद राहिलेले पेव उघडले, की त्यात माणूस लगेच उतरत नसे. तोंड उघडे ठेवून आधी आतली कोंडलेली हवा बाहेर जाऊ देत, मग दोरीने कंदील सोडीत. ज्योत टिकली तरच माणूस खाली. अण्णांनी वडिलांबरोबर अशी कितीतरी पेवे उघडली होती.

“बाई, माझ्या छातीत हवा जात नाही ही अडचण नाही. आतली बाहेर पडत नाही, ही आहे. मी बोलायचो तेव्हा ती पडायची. तुमच्या यंत्रानं पेवाचं तोंड बंद केलंय, आणि आत ज्योत का टिकत नाही म्हणून तुम्ही मला पुण्याला धाडायलाय.”

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. डॉक्टरांच्या मनगटावर गुणगुण झाली. डॉक्टर चपापल्या आणि म्हणाल्या, “तुमचं अगदी बरोबर आहे, अण्णा.”

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. “हे पटलं म्हणून म्हणालात, की थरथरलं म्हणून?”

डॉक्टरांना स्वतःलाच ते नक्की सांगता येईना. होकाराचे नाणे खोटे निघाल्यावर त्याने काहीच विकत घेता येत नव्हते. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची ती येणारच होती.

सकाळी रुग्णवाहिका दारात उभी राहिली. त्रिशलेने पिशवी भरली होती, पद्मावतीबाईंनी डब्यात दशम्या दिल्या होत्या, डॉक्टर हातातल्या पडद्यावर मध्यस्थाचे आलेख पाहत अंगणात उभ्या होत्या. मगदूमही निरोपाला आले होते आणि नेहमीच्या खुर्चीत न बसता खांबाला टेकून उभे होते. अण्णांना धरून पायऱ्या उतरवताना त्यांना मध्ये दोनदा थांबावे लागले. ओठ निळसर दिसत होते.

रुग्णवाहिकेचा चालक गप्पिष्ट निघाला. तो सोलापूरकडचा होता आणि त्याच्या हाताला पट्टी नव्हती. कारखान्याची पाटी वाचून तो अण्णांना आधार देत म्हणाला, “हळदीचं काम व्हय तुमचं? आमच्याकडं सेलमची येते. सांगलीची काय अन् सेलमची काय, पिवळं ते पिवळं. समदी सारखीच की.”

पद्मावतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. या वाक्यासाठी अण्णांनी एकदा एका मंत्र्याला जेवणाच्या ताटावरून उठवले होते.

अण्णा म्हणाले, “असेल.”

आणि पुढची पायरी उतरले.

त्या एका शब्दाने मगदूम हादरले. इतके दिवस त्यांनी मुलीच्या अश्रूंपायी जिभेला आवर घातला होता. आपल्या एखाद्या वाक्याने व्याह्याचे हृदय बंद पडले, तर मुलीला तोंड कसे दाखवणार, या भीतीने त्यांना रात्र रात्र झोप नव्हती. पण समोर जो माणूस सेलमच्या हळदीला ‘असेल’ म्हणत होता, त्याला वाचवण्यासारखे फार काही उरलेले नव्हते. त्यांनी मनगटावरची पट्टी सोडली, आणि अण्णांच्या खुर्चीजवळच्या पानाच्या डब्यात ठेवून वर झाकण दाबले.

“चौगुले,” ते म्हणाले. अठरा वर्षांत त्यांनी व्याह्यांना नावाने हाक मारली नव्हती. “जाताय तर ऐकून जावा. त्या दिवशी मी खोटं बोललो. तुमची हळद फिकी होती. मांडवाचं दार उत्तरेला होतं, ऊन तिथं दिवसभर येत न्हाई. मांडवातल्या बायका मला म्हणाल्या, पोरीला हळद लावलीय का बेसन?”

“बाबा,” त्रिशला ओरडली. अंगणातल्या सगळ्या पट्ट्या एकदम थरथरल्या. भुंग्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. पानाचा डबाही खडखडू लागला.

अण्णा वळले. त्यांनी चालकाचा हात बाजूला केला. डॉक्टरांच्या पडद्यावर नाडीची रेघ वेडीवाकडी उसळली, मध्यस्थाने शांत करणाऱ्या औषधाची नेहमीपेक्षा मोठी मात्रा सोडण्याची तयारी केल्याचा लाल ठिपका लागला आणि डॉक्टरांचे बोट त्याला संमती द्यायला पुढे झाले. अभिनंदन वडिलांना धरायला धावला. तोवर अण्णांनी बोलायला सुरुवात केली होती.

“पाव्हणं, ज्या मांडवाचं दार उत्तरेला होतं असं तुम्ही आज, मी गाडीत चढत असताना, म्हणजे मला उत्तर द्यायला सवड मिळू नये अशा बेतानं सांगायलाय, त्याच मांडवाच्या दारात उभं राहून तुमच्या थोरल्या भावानं, डोळ्यांवर हात आडवा धरून, कपाळावरचा घाम पुसत, आमच्या वऱ्हाडाला ‘या, ऊन फार झालंय, आत बसा’ असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय, आणि उत्तरेच्या दारात, वैशाखात, भर दुपारी, माणसाच्या डोळ्यांवर ऊन यावं अशी सोय जयसिंगपूरच्या नगररचनेत असली तर मला माहीत नाही, पण नसली तर ती वाटी उन्हात होती, उन्हात होती म्हणून तिचा रंग उतरला, आणि रंग उतरलेल्या हळदीला बेसन म्हणणाऱ्या बायकांनी, मला सांगा, आयुष्यात आधी हळद पाहिली होती, का नुसतं बेसनच पाहिलं होतं?”

हे सगळे एका श्वासात झाले. वाक्य ओठ आवळून, तोलून, सावकाश बाहेर पडले, आणि त्याबरोबर गेल्या कित्येक आठवड्यांची कोंडलेली हवाही. नंतर अण्णांनी जो श्वास आत घेतला, तो त्यांच्या बरगड्यांपर्यंत पोहोचलेला अंगणातल्या सगळ्यांना दिसला.

डॉक्टरांचे बोट पडद्यावर अधांतरी थांबले होते. पहिल्या अर्ध्या मिनिटात रेघ बिघडत गेली होती, अगदी यंत्राने भाकीत केल्याप्रमाणे. त्यानंतर, अण्णा नगररचनेपाशी आले तेव्हा, प्राणवायूचा आलेख वळला होता. बायकांपाशी येईतो तो महिन्याभरातल्या सर्वांत वरच्या जागी होता, आणि नाडीची घाई ओसरू लागली होती.

“थांबा,” डॉक्टर अभिनंदनला म्हणाल्या. मग मगदूमांकडे वळून, कुणाला न शोभेल अशा घाईने म्हणाल्या, “काका, अजून काही बोला. वाईट काहीतरी.”

मगदूमांना आग्रहाची गरज नव्हती. त्यांचा भाऊ डोळ्यांवर हात धरून उभा होता, तो उन्हामुळे नव्हे, तर आलेला आहेर पाहवेना म्हणून, असे त्यांनी सांगितले. अण्णा पायऱ्या चढून परत वर आले, मध्ये एकदाच थांबले, आणि वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी आहेराचा मुद्दा हाती घेतला. चालकाने थोडा वेळ वाट पाहिली. मग अण्णांनी त्याला बोलावून, सेलम आणि राजापुरी यांतला फरक हळकुंडे मोडून समजावून दिला, आणि रिकाम्या गाडीसह पाठवून दिले.

डॉ. माईणकरांनी मध्यस्थाची सारी स्मृती तपासली, तेव्हा चूक सापडली, आणि ती त्यांनी मोकळेपणाने कबूल केली. या आजारात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे कठीण असते. घाईने सोडू गेले, की नळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते. ओठ अरुंद करून सावकाश सोडली, तर आतला दाब टिकतो, नळ्या उघड्या राहतात, आणि लांबलेल्या निःश्वासाबरोबर हृदयालाही धीर येतो. रुग्णांना हा व्यायाम मुद्दाम शिकवावा लागतो. अण्णा तो जन्मभर, रोज संध्याकाळी, पूर्णविराम टाळून करीत आले होते. वादाच्या आरंभी नाडी चढे, एवढे यंत्राला दिसले होते. आणि चढताक्षणी ते वाद बंद पाडीत असल्यामुळे, वाद पूर्ण झाल्यावर काय होते हे त्याला कधी कळलेच नव्हते. एवढे हुशार यंत्र, पण त्याने एकही भांडण शेवटपर्यंत पाहिले नव्हते.

त्यांनी त्याला आठवडाभर भांडणे पाहू दिली. मध्यस्थ शिकला. औषधांचे तोलणे त्याने पूर्ववत चालू ठेवले. हृदयाची थरथर पुरती गेली नाही, पण आटोक्यात आली. सूचना मात्र बदलली. अण्णा फार वेळ गप्प राहिले, किंवा वाद थंडावून त्यांची वाक्ये आखूड पडू लागली, की घरातल्या पट्ट्या थरथरत आणि त्यांवर उमटे: ‘रुग्णाशी मतभेद करावा.’ अभिनंदनला सुरुवातीला विषय सुचत नसत. तो पट्टी पाहून चाचरत म्हणे, की मिरज पूर्वेला आहे. पद्मावतीबाईंना त्यांच्या पट्टीचा कधी उपयोगच झाला नाही. ती थरथरेपर्यंत त्यांचे बोलून झालेले असे.

श्रावणातल्या एका संध्याकाळी दोघे व्याही वादात मांडवाच्या दाराशी पोहोचले असताना त्रिशला कपाटातून एक घडी घेऊन आली. तिची हळदीची साडी होती ती, अठरा वर्षे न धुता ठेवलेली. पदरावर उष्ट्या हळदीचा डाग तसाच होता. तिच्या दुसऱ्या हातात अभिनंदनचे पेन होते. ती म्हणाली, की डाग आज कितीही उतरलेला असो, मूळ हळदीत रंग किती होता आणि तो उन्हाने उडाला की नाही, हे दोन्ही आता कळू शकते. टोक टेकवायचा अवकाश, अठरा वर्षांचे भांडण मिटेल. तिने पदर पसरला.

अण्णांनी पेनाकडे पाहिले. मगदूमांनी डागाकडे पाहिले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मगदूमांनी हात पुढे करून पदराची घडी पुन्हा घातली, तोवर अण्णांनी पेन काढून घेऊन स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात खोल सरकवले.

“आत ठेव जा ते,” अण्णा म्हणाले.

“बरोबर आहे त्यांचं,” मगदूम म्हणाले.

आणि अठरा वर्षांत प्रथमच त्यांचे एकमत झाल्यामुळे, घरातल्या सगळ्या पट्ट्या एकदम थरथरू लागल्या.